माझ्या अंगकाठीला कोणता प्राणी शोभेल? चिनी प्राणीशैलींबद्दल एक लांबलचक उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात देतो. विचारणारे गृहस्थ ३३ वर्षांचे आहेत, उंची ५ फूट ११ इंच, वजन ६२ किलो. नऊ वर्षं शोतोकान कराटे केलंय. व्हिडिओ पाहून चिनी प्राणीशैलींची ओढ लागली आहे. त्यांचं म्हणणं असं : 'मी उंच आणि सडपातळ आहे, म्हणजे माझ्यासाठी बगळाच ना? की साप? आणि हे प्रकार खऱ्या मारामारीत चालतात, की नुसता नाच आहे?'

माझी ओळख एवढीच, की सिरॅमिक टाइल्सच्या धंद्यामुळे मी सात वर्षं ग्वांगदोंग प्रांतातल्या फोशान शहरात राहिलो. तिथे संध्याकाळी हंग गार ही दक्षिणेकडची शैली शिकलो आणि परत आल्यापासून पुण्यात आठ-दहा जणांना शिकवतो. दक्षिणेकडच्या शैली मी अंगावर घेतलेल्या आहेत. उत्तरेकडच्यांशी माझा संबंध सरावापुरता, मित्रांमार्फत आलेला. त्या बेताने वाचा.

तुमचा प्रश्न 'कोणता प्राणी' असा आहे, पण घोडं अडलंय ते दुसरीकडे. तुम्ही धरून चाललाय की वाघ, सारस, साप ही वेगवेगळी दुकानं आहेत आणि आपल्या मापाचं एक निवडायचं. काही शैली खरोखरच एका प्राण्याच्या नावाने चालतात, फूजियानचा पांढरा सारस किंवा शानदोंगचा प्रार्थनाकीटक या त्यातल्या. पण बहुतेक ठिकाणी एकाच शैलीत अनेक प्राणी असतात आणि शिकणाऱ्याला सगळ्यांमधून जावं लागतं. तिथे प्राणी हे एक नाव असतं : हाताची विशिष्ट ठेवण, जोर काढण्याची विशिष्ट तऱ्हा आणि समोरच्याच्या जवळ जाण्याची विशिष्ट चाल, या तिन्हींचं मिळून एक नाव. गुरुजींना दर वेळी तीन वाक्यं सांगायला नकोत म्हणून 'वाघ' म्हणायचं. नक्कल करायला कुणी सांगत नाही.

जाता जाता, तो बगळा नव्हे. चिनी भाषेत या शैलीतल्या पक्ष्याला 'ह' म्हणतात. तो सारस, क्रौंचांच्या कुळातला. बगळ्याला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे. मराठीत सर्रास बगळा म्हणतात, पण दबा धरून मासा टिपणारा बगळा आणि पंख पसरून उड्या मारत भांडणारा सारस यांच्या वागण्यात फरक आहे. शैलीत दिसतो तो दुसरा.

आता हे प्राणी आले कुठून? दंतकथा भरपूर आहेत आणि बहुतेकींचा साचा एकच : कुणीतरी दोन प्राण्यांची झुंज पाहिली आणि त्याला शैली सुचली. ताई-चीच्या कथेत साप आणि पक्षी, प्रार्थनाकीटकाच्या कथेत वांग लांग नावाचा माणूस आणि सिकाडा पकडणारा कीटक. पांढऱ्या सारसाच्या कथेत फांग छीन्यांग नावाची मुलगी काठीने सारसाला हाकलायला जाते आणि तो दर वेळी काठी चुकवतो. ऐकायला छान आहेत, मीही मुलांना सांगतो. इतिहास म्हणून मात्र त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. शाओलिनच्या नावावर खपणाऱ्या कितीतरी गोष्टी १९३०च्या सुमाराला थांग हाओ या संशोधकाने कागदपत्रं तपासून खोडून काढल्या होत्या, तरी त्या अजून जोरात आहेत.

कागदावर जे सापडतं त्यात प्राणी आधी येतात ते व्यायामात, मारामारीत नव्हे. च्वांगत्सू या प्राचीन ताओवादी विचारवंताच्या ग्रंथात अस्वलासारखं लटकणाऱ्या आणि पक्ष्यासारखं अंग ताणणाऱ्या लोकांचा उल्लेख आहे, तोही किंचित टोमण्याच्या सुरात : दीर्घायुष्यासाठी किती ही खटपट! हूनान प्रांतात चांगशाजवळ मावांगत्वी इथे इ.स.पू. १६८ मधलं एक थडगं १९७०च्या दशकात उकरलं, त्यात रेशमावर रंगवलेला व्यायामाचा तक्ता मिळाला. त्यात ४४ माणसं आहेत आणि काही आकृत्यांना चक्क प्राण्यांची नावं आहेत. पुढे हान राजवटीच्या अखेरीस हुआ थुओ या वैद्याने वाघ, हरीण, अस्वल, वानर आणि पक्षी असे पाच खेळ बसवले. दाराची बिजागरी रोज हलते म्हणून कुजत नाही, तसं शरीराचं आहे, असं त्याने आपल्या शिष्याला समजावल्याची नोंद आहे. तो शिष्य वू फू नव्वदी ओलांडेपर्यंत शाबूत दातांनी जगला म्हणतात. आज जो 'वू छिन शी' म्हणजे पाच प्राण्यांचा खेळ शिकवतात तो चीनच्या क्रीडा खात्याने २००३ मध्ये प्रमाणित केलेल्या चार आरोग्यसंचांपैकी एक आहे. गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाने सुरुवात तिथून करावी.

लढण्याच्या बाबतीत सोळाव्या शतकापासून पुरावा बरा मिळतो. मिंग सेनापती छी चीग्वांग याने त्या काळच्या नावाजलेल्या मुष्टिकलांची यादी दिली आहे, तीत पकडीसाठी प्रसिद्ध असलेला 'गरुडनख वांग' येतो. त्याच शतकाच्या अखेरीस वांग शृशिंग नावाच्या प्रवाशाने शाओलिनमध्ये भिक्षूंचे खेळ पाहिले आणि त्यातला एकजण हुबेहूब माकड वाटत होता असं लिहून ठेवलं. म्हणजे प्राणी तेव्हाही होते आणि तेव्हाही पाहुण्यांना दाखवायला होते! नाच की मारामारी हा तुमचा प्रश्न चारशे वर्षं जुना आहे.

आता माझ्या घरचं. हंग गारचा कणा म्हणजे वाघ आणि सारस. वोंग फेई-हंग हे या परंपरेतलं सगळ्यात गाजलेलं नाव, फोशानचंच. तिथल्या पूर्वजांच्या मंदिराच्या आवारात त्यांचं स्मारक आहे. त्यांचे शिष्य लाम साई-विंग, मूळ धंदा डुकराचं मांस विकण्याचा. त्यांच्यामुळे 'वाघ-सारस जोडी' हा संच पुस्तकात उतरला आणि हाँगकाँगमार्गे जगभर गेला. नाव ऐकून मला वाटलं होतं, आपण पहिल्या दिवशी पंजे काढणार. पहिले चार महिने मी फक्त बसलो. सेई पिंग मा, म्हणजे घोडेस्वाराची बैठक, तुमच्या किबा-दाचीची सख्खी बहीण. सिफू, म्हणजे आमचे गुरुजी, अगरबत्ती लावायचे, ती संपेपर्यंत बसायचं. मला ती एकदाही अख्खी जमली नाही, आज कबूल करतो.

पाचव्या महिन्यात पंजा आला. मी सिनेमात पाहिल्यासारखी बोटं वाकडी केली आणि हवेत ओरबाडलं. सिफू हसले नाहीत. त्यांनी आपला हात माझ्या कोपराखालच्या भागावर ठेवला (त्याला ते 'किऊ' म्हणजे पूल म्हणतात, कारण दोघांना जोडणारा तोच) आणि सगळं वजन हळूहळू खाली सोडलं. माझा हात गेला, मागोमाग खांदा गेला, मग गुडघा. बोटं शेवटी मिटली, तोवर मी अर्धा वाकलेला होतो. वाघ म्हणजे हे : आधी तळहाताची टाच बसते, मागून शरीराचं वजन येतं, बोटं फक्त ते वजन सुटू देत नाहीत. ओरबाडणं हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग.

बोटांत ताकद यायला मातीची बरणी वापरतात. अरुंद गळा, बाहेर आलेली कड. पाची बोटांच्या पेरांनी कड धरायची, हात बाजूला लांब करायचा आणि चालायचं. आधी रिकामी, मग दर आठवड्याला वाटीभर वाळू. मी पुण्यात आईची लोणच्याची जुनी बरणी वापरायचो. चिनी मातीचीच ती, त्यामुळे परंपरेशी प्रामाणिक. दुसरा सराव जोडीने : समोरासमोर उभं राहून कोपराखालचा भाग तीन कोनांतून एकमेकांवर आपटायचा, 'साम सिंग' म्हणजे तीन तारे. पहिल्या महिन्यात माझे हात वांग्याच्या रंगाचे झाले होते आणि त्यावर चोळायच्या औषधी दारूचा वास ऑफिसात पसरायचा. सहकाऱ्यांना वाटायचं मी रोज कुठेतरी पडतो.

सारस याच्या उलट. वाघ समोरून जातो, सारस समोर थांबतच नाही. पाऊल तिरकं टाकून रेषेबाहेर जायचं, मनगट सैल ठेवून आलेला हात वरून वळवायचा आणि मोकळ्या बाजूने टोचायचं. पाची बोटं एकत्र आणून केलेली चोच फोटोत उठून दिसते, म्हणून सगळे चोचीबद्दलच बोलतात. मला विचाराल तर सारसाचा जीव पंखात आहे : खांद्यापासून मनगटापर्यंत लाटेसारखा जाणारा तो झटका. एका पायावर उभं राहणं म्हणजेही तासन् तास उभं राहणं नव्हे. लाथ चुकवायला किंवा मारायला पाय उचलला, तो क्षण तेवढा. तुम्ही शोतोकानवाले आहात, गानकाकु हा काता (ठरलेल्या हालचालींचा संच) केलाच असेल. त्या नावाचा अर्थच 'खडकावरचा सारस'. आणि एनपी म्हणजे उडती पाकोळी. तुम्ही नऊ वर्षं प्राण्यांच्या शेजारीच राहताय, ओळख कुणी करून दिली नाही इतकंच. ओकिनावाच्या कराटेचा एक धागा सरळ फूजियानला जातो. उएची कानबुन यांनी फूचौमध्ये जे शिकून आणलं त्यात वाघ, सारस आणि ड्रॅगन होते आणि त्यातला सानचिन हा काता आजही त्यांच्या उएची-र्‍यू शैलीचा पाया आहे.

आता अंगकाठीचा मुद्दा. उंच माणसाला सारस, ठेंगण्याला वाघ, हे समीकरण मी कुठल्याही जुन्या शिक्षकाकडून ऐकलं नाही. उलट पाहिलं आहे. मी बुटका, रुंद. ढकलणं मला आपसूक यायचं. म्हणून सिफूंनी दोन वर्षं माझ्याकडून सारस जास्त करून घेतला, कारण मी सगळीकडे ढकलतच सुटायचो. आमच्या वर्गात तुमच्यासारखा एक उंच मुलगा होता. तो लांबूनच खेळायचा, कुणी आत शिरलं की गडबडायचा. त्याच्या वाट्याला बैठक आणि वाघ. दक्षिणेत पाच प्राण्यांचं सूत्र सांगतात : ड्रॅगन मनासाठी, वाघ हाडांसाठी, बिबट्या ताकदीसाठी, साप श्वासासाठी, सारस सत्त्वासाठी. शरीरशास्त्र म्हणून ते घेऊ नका, पण त्यामागचा हेतू स्पष्ट आहे. हा आहार आहे, ज्याची कमतरता ते ताटात जास्त. तुमच्या वर्णनावरून (न पाहता सांगतोय, चूक असू शकते) तुम्हाला आधी वाघ लागेल.

बाकीच्या शैलींबद्दल दोन शब्द. उत्तरेचा प्रार्थनाकीटक, आपल्याकडे काही भागांत ज्याला खंडोबाचा किडा म्हणतात तो, माझ्या मते सगळ्यात हुशारीने रचलेला आहे. हाताचा आकडा करून मनगट अडकवायचं, दुसऱ्या हाताने कोपर धरायचं, झटक्याने खेचायचं आणि पहिला हात तोवर मारायला मोकळा. हे सगळं एका श्वासात. गंमत म्हणजे कीटकाचे पाय माणसाच्या कामाचे नव्हते, म्हणून पदन्यास माकडाचा घेतला असं ते लोकच सांगतात. दक्षिणेतही प्रार्थनाकीटक नावाची शैली आहे, हाक्का लोकांची, पण तिचा याच्याशी नावापलीकडे संबंध नाही. व्हिडिओ पाहताना घोटाळा होतो तो इथे.

शिंग-यी या उत्तरेकडच्या शैलीत बारा प्राणी आहेत आणि ते पाहून कुणालाही प्राणी आठवत नाही. बाहेरून सगळं जवळपास सारखंच, सरळ रेषेत घुसणं. माझा शान्शीचा एक मित्र कोंबडा करून दाखवायचा. मी शोधत बसायचो, कोंबडा कुठाय? तो होता एका पायावरून दुसऱ्यावर वजन टाकण्याच्या टोकदारपणात. त्यांच्याकडे म्हण आहे की आकार बघा पण अर्थ घ्या. बारांतल्या 'थुओ' नावाच्या प्राण्यावर तर अजून एकमत नाही : कुणी मगर म्हणतं, कुणी कासव, कुणी पाण्यावर पळणारा किडा. आणि तरी तो प्राणी पिढ्यान् पिढ्या नीट शिकवला जातोय! प्राणी कोणता हे माहीत नसताना चाल टिकते, यावरून नावाचं वजन किती ते ताडा. माकडशैली तुम्ही ३३ व्या वर्षी सुरू करू नका, एवढंच म्हणतो. लोळण, उकिडवं चालणं, पाठीवर पडणं. ते लहानपणापासून केलेल्यांचं काम. दोन उत्साही लोकांचे गुडघे मी जाताना पाहिलेत.

आता मारामारी. १९२८ मध्ये नानचिंगला युद्धकलांची राष्ट्रीय संस्था स्थापून सरकारने देशभरच्या मल्लांची परीक्षा घेतली. मोकळ्या झुंजी इतक्या जखमी करणाऱ्या ठरल्या की शेवटच्या फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. पुढच्या वर्षी हांगचौला मंचावर स्पर्धा झाली, तिथे डोळे, गळा आणि जांघ यांवर मारायला बंदी घातली. आता विचार करा : चोच डोळ्यावर, पंजा गळ्यावर. नियम येताच प्राण्यांची नखं कापली जातात. उरतं ते खेचणं, वजन टाकणं, कोन बदलणं, आणि ते पाहणाऱ्याला साधं बॉक्सिंग आणि कुस्तीसारखंच दिसतं. आजच्या सांदामध्ये, म्हणजे मुक्का-लाथ-पछाड असलेल्या चिनी झुंजीच्या खेळात, हातमोजे घातल्यावर पंजा करून दाखवा बघू! म्हणून 'एकही माणूस रिंगणात सारस करत नाही' हा टोमणा अर्धा खरा आहे. पण 'आमचे प्रकार फार घातक म्हणून आम्ही झुंजत नाही' हे उत्तर त्याहून लंगडं आहे. जो कधीच विरोध करणाऱ्या माणसावर सराव करत नाही, त्याचा घातक प्रकारही लागत नाही. मी स्वतः ४० व्या वर्षी एका सांदा खेळाडूबरोबर दोन फेऱ्या खेळलो. मार खाल्ला. त्यातल्या त्यात लागला तो एकच प्रकार, वाघाचा हात खाली ओढणं, तोही तीनदा.

त्यामुळे तुमच्या 'चालतं का' याला माझं उत्तर तुमच्या शिक्षकावर अवलंबून आहे, प्राण्यावर नाही. शिक्षक शोधताना प्राणी विचारू नका, सराव बघायला बसा. जोडीने हात लागतात का? समोरचा विरोध करतो का, की आज्ञाधारकपणे पडतो? नवख्याला पहिले दोन महिने काय देतात? पाय न बसवता पंजे देत असतील तर उठा. एका शहरात मी पाच शनिवार-रविवारांत पाच प्राणी आणि शेवटी प्रमाणपत्र असा वर्ग पाहिला होता. तिथल्या मुलांना घोडाच बसत नव्हता, ड्रॅगन मात्र झाला होता. आपल्याकडे अस्सल पारंपरिक शिक्षक थोडे आहेत, हे खरं. पण वुशू, म्हणजे चिनी युद्धकलांचं आजचं क्रीडारूप, बऱ्याच शहरांत मिळतं, त्यातला सांदा तुमच्या कराटेला चांगला पूरक आहे. आणि केरळला जाणं होत असेल तर कळरीपयट्टूतले हत्ती, सिंह, मोर हे वडिवू, म्हणजे प्राण्यांच्या नावाचे पवित्रे, जरूर बघा. चीनशी नातं जोडायची घाई नको, पण प्राण्याच्या नावाने जोर कसा शिकवतात हे तिथे दोन फुटांवरून दिसतं.

तोवर घरी एक करा. किबा-दाचीत, नेहमीपेक्षा वीतभर आखूड, रोज पाच मिनिटं बसा आणि मित्राला कोपराखालच्या भागावर दाबायला सांगा. खांदा वर न उचलता तो हात खाली नेता आला, की मग बरणी घ्या. रिकामी. पेरं दुखली तर चालेल. मनगटाच्या आत किंवा कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखलं तर त्या दिवशीच बरणी फडताळात ठेवा आणि तीन आठवडे तिच्याकडे बघू नका.